पाठमोरं चित्र

छोटीचं चित्र फ्रेमच्या दुकानात आलं, त्या दिवशी दादानं हातातलं सगळं काम बाजूला सारलं. नऊ वर्षांनी आलं होतं. छोटी स्वतः आली नव्हती. दूधवाल्याच्या गाडीतून पाठवलं होतं, जुन्या चादरीत गुंडाळून, वर दोरी आणि दोरीत खोचलेली चिठ्ठी. 'गॅलरीसाठी आहे. फ्रेम करून दे.' वर कुणाचं नाव नाही, खाली सही नाही. सख्ख्या भावाला चिठ्ठी लिहायची आणि त्यात 'दादा' एवढं म्हणायचं टाळायचं, हे काही सोपं काम नाही, पण छोटी हट्टाला पक्की. दादानं तरीही ती चिठ्ठी चार वेळा वाचली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. दुपारी बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा तो म्हणाला, आलोच, आणि पाचव्यांदा वाचली.

नऊ वर्षांपूर्वीचा तो प्रसंग घरात कुणी काढत नसे आणि कुणी विसरलंही नव्हतं. गॅलरीचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं. दादा शिडीवर उभा, हातात छोटीचं चित्र, खाली गावातली पन्नाससाठ माणसं. चित्र फिकट होतं, सगळं धुक्यात बुडाल्यासारखं. दादानं ते असं धरून पाहिलं, तसं धरून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ह्यात वर कुठलं आणि खाली कुठलं. लोक हसले. तोही हसला. त्याला वाटलं, घरातलीच चेष्टा आहे. छोटीनं हात वर करून चित्र मागून घेतलं, काखेत मारलं आणि ती निघून गेली. त्यानंतर ती आईकडे यायची ती दादा दुकानात असतानाच. पुढच्या वर्षी बाबा गेले, तेव्हा बारा दिवस दोघं एका घरात होती आणि एकमेकांना चहाचे कप देत होती, पण बोलली नाहीत. बाबांची पाट्या रंगवायची खोली रिकामी केली, तेव्हा ज्याला जे हवं ते त्यानं न्यावं असं ठरलं. मधल्या भावानं घड्याळ नेलं. छोटीनं रंगांच्या कपाटाचं एक दार मागितलं. दार कशाला, असं कुणी विचारलं नाही. ती तशीच आहे, एवढं म्हणून सगळे गप्प बसले.

तर चादर उलगडली आणि आतून एक फळी निघाली. दोन हात लांब, दीड हात रुंद, जुन्या जड लाकडाची. एका अंगाला धुरकट पांढरा रंग दिलेला, दुसऱ्या अंगाला रंगच रंग. हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर निळा, लाल रंगाचे फटकारे, मध्येच सोनेरी ओघळ, थरावर थर चढून बोटभर जाड झालेले. दादाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. पांढरं ते अस्तर, रंग ते चित्र. चाळीस वर्षं फ्रेम करणाऱ्या माणसाला चित्राची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे सांगावं लागतं का? त्यानं पांढरी बाजू खाली घातली, चारी पट्ट्या बसवल्या, कोपऱ्याला कोन मापायचा गुण्या लावून पाहिला, पुन्हा पाहिला, पाठीवर खाकी कागद चिकटवून कडा बंद केल्या. गाव त्याला काटकोन म्हणत असे ते उगाच नव्हे. नव्वदातला अर्धा अंश इकडचा तिकडे झाला तर त्याला झोप लागत नसे.

आणि खरं सांगायचं तर त्याला ते चित्र मनापासून आवडलं. त्या रंगांकडे बघता बघता त्याला काहीतरी ओळखीचं वाटायचं, पण काय ते धरता यायचं नाही. डोळा लागण्याच्या आधी कुणीतरी लांबून हाक मारावी तसं. नऊ वर्षांत छोटी फार सुधारली, असं त्यानं बायकोला सांगितलं. आता त्या सुधारलेल्या बहिणीशी पुन्हा बोलता येईल, एवढीच त्याची इच्छा होती. एकसष्ट वर्षांच्या माणसाला अशी इच्छा उघड बोलून दाखवता येत नाही, म्हणून त्यानं फ्रेमला तीन वेळा पॉलिश केलं.

गॅलरी म्हणजे एक जुना धुलाईखाना. यंत्रं कधीच गेली, पण खांद्यापर्यंतच्या पांढऱ्या फरश्या आणि उंचावरच्या लांबट खिडक्या राहिल्या, मागची इस्त्रीची खोलीही राहिली. ओल्या दिवसांत तिथे अजून साबणाचा वास यायचा, कुठून ते कुणालाच सापडलं नव्हतं. हे सगळं चालवायच्या त्या सिस्टर. इस्पितळातून निवृत्त झाल्या आणि दोन महिने घरी बसून कंटाळल्यावर त्यांनी हा धुलाईखाना ताब्यात घेतला. चित्रांना त्या खाटांसारखे नंबर देत. चौदा नंबरला उजेड कमी पडतोय, असं म्हणत. त्यांचे नियम तीन. माणशी एक चित्र. फ्रेम सगळ्यांना एकाच लाकडाची, दादाच्या हातची, म्हणजे भिंतीवर कुणी श्रीमंत नाही आणि कुणी गरीब नाही. आणि चित्रं लावायच्या दिवशी चित्रकारांनी चार वाजेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या वर्षी न्हावी आणि पाववाला दाराजवळच्या जागेवरून शिडीसकट भांडले होते, तेव्हापासून हा नियम झाला. एकदा लावलेलं चित्र हलवायचं तर ज्याचं चित्र त्याचा शब्द लागे.

ह्या वर्षी चित्रं लावायच्या दिवशी धुकं उतरलं ते वर गेलंच नाही. दुपार झाली तरी समोरच्या रस्त्यावरची माणसं आधी सावली म्हणून दिसत आणि जवळ आल्यावर माणूस होत. खिडक्यांतून येणारा उजेड दुधासारखा सगळीकडे सारखा पसरला होता, कुठल्याच वस्तूला सावली नव्हती. तेवीस चित्रं लागली होती. छोटीचं चित्र, चौदा नंबर, सिस्टरनी समोरच्या भिंतीच्या मधोमध घेतलं, दारातून आत येणाऱ्याला पहिलं तेच दिसावं म्हणून. दादानं शिडीवरून उतरून मागे चार पावलं जाऊन पाहिलं. आज ती येईल, हे बघेल, आणि मग काहीतरी म्हणेल. काय म्हणेल याचे त्यानं चारपाच प्रकार मनात करून ठेवले होते.

एक वाजता मधला आईला घेऊन आला. मधला शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरीही शिकवायचा. गर्दीच्या आधी आईला नीट खुर्ची मिळावी म्हणून आणलं, आत्ता वाऱ्याची दिशा अशी आहे की धुकं संध्याकाळपर्यंत हलणार नाही, असं सगळं त्यानं दारातच सांगून टाकलं. आई एकोणऐंशीची. काठी टेकत ती आत आली, मधोमध थांबली आणि चौदा नंबरकडे बघत उभी राहिली. खुर्ची आणेपर्यंत ती हललीसुद्धा नाही. मग बसली आणि शांतपणे म्हणाली, "हे आपल्या कपाटाचं दार."

दादाला आधी समजलंच नाही. आई मात्र सांगू लागली, जशी कुणाला झोपवताना गोष्ट सांगावी. बाबांनी आयुष्यभर गावाच्या पाट्या रंगवल्या आणि आईनं त्यांच्या अक्षरांच्या पोटात रंग भरला. बाबा एक रंग संपला की ब्रश फडक्याला पुसत नसत. कपाटाचं दार उघडं असायचं, त्याच्या आतल्या अंगाला पुसत. फडकं वाया का घालवायचं, म्हणत. दार बंद केलं की बाहेरून साधं तपकिरी, आतून हे असं. मुलं रंगांच्या खोलीत फिरकत नसत, त्यामुळे ते दोघांशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. दोघांशिवाय आणि छोटीशिवाय, असं म्हणायला हवं.

आईनं काठीचं टोक उचललं. "तो हिरवा औषधवाल्याचा. त्याला तीनदा बदलून दिला होता. त्याखाली पिवळा आहे ना, तो सायकलींच्या दुकानाचा. निळा शाळेचा. आणि तो सोनेरी त्या फोटोवाल्याचा, त्यानं लग्न केलं त्या वर्षी. रात्रभर जागून केली होती ती पाटी."

त्यातली निम्मी दुकानं आता नव्हती. औषधवाला गेला, फोटोवाला गाव सोडून गेला, सायकलींच्या दुकानाच्या जागी बँक आली. पण आई सांगत गेली तसा एकेक रंग जागा होत गेला. सिस्टर हातातली नंबरांची कागदं विसरून उभ्या राहिल्या, मधल्याचं तोंड चक्क बंद झालं, आणि दादाला वाटलं की भिंतीवर सगळं गाव उभं आहे, चाळीस वर्षांपूर्वीचं, नव्या पाट्या लावलेलं, आणि त्या गावातून बाबा शिडी खांद्यावर घेऊन चालले आहेत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो भानावर आला. हे जर कपाटाचं दार, तर छोटीनं काय काढलं? छोटीचं चित्र कुठे आहे?

ते त्यानं स्वतःच्या हातानं खाकी कागदाखाली बंद केलं होतं. चारी कडा चिकटवून.

इस्त्रीच्या खोलीत खलबत बसलं. दादाची बायको, बाकीच्यांची वहिनी, चहा घेऊन आली होती, तिला बघून घरातले सगळे जरा ताठ बसत, कारण ती शिवणकाम करायची आणि बोलणंही मापात करायची. मधल्याचं म्हणणं असं की झालं ते बरंच झालं. बाबांनी जन्मभर गाव रंगवलं आणि त्यांचं एक चित्र कुठल्या भिंतीवर लागलं नाही, ते आज आपसूक लागलं. छोटीला सांगू की मुद्दाम लावलं, बाबांच्या आठवणीसाठी. ती काय म्हणणार? वहिनीनं विचारलं, भावोजी, तुमचा एखादा निबंध कुणी उलटा छापला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? मधला म्हणाला, निबंधाची गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते त्यानं सांगितलं नाही. सिस्टरनी नियम सांगितला. लावलेलं चित्र चित्रकाराच्या शब्दाशिवाय हलत नाही, आणि चित्रकार चारच्या आधी आत येत नाही. तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला, ती इतका वेळ सगळं ऐकत होती. "कुणी हात लावायचा नाही त्याला. आठ वर्षांनी दिसलेत मला ते."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच.  आईला बाबा दिसले होते, ते तो कुठल्या तोंडानं काढून घेणार? आणि छोटी चार वाजता येऊन बघणार की तिचं चित्र भावानं भिंतीकडे तोंड करून टांगलंय. तेव्हा नुसतं विचारलं होतं, वर कुठलं आणि खाली कुठलं. आता तर त्यानं ते चित्र आहे हेच ओळखलं नव्हतं. ह्यावेळी ती चित्र मागून घेणार नाही, काही म्हणणारही नाही, नुसती परत जाईल, आणि मग उरलेली वर्षं कशी जातील ते त्याला स्पष्ट दिसलं.

त्यानं नियम मोडला. चौदा नंबर भिंतीवरून उतरवला, इस्त्रीच्या लांब टेबलावर पालथा घातला आणि पातळ सुरीनं खाकी कागद कडेकडेनं कापला. आई बाहेरच्या खुर्चीतून, उघड्या दारातून बघत होती, पण तिनं अडवलं नाही. काठी मांडीवर आडवी घेतली एवढंच.

कागद निघाला आणि खाली तीच धुरकट पांढरी बाजू. दादा वाकून बघत राहिला. काही नाही. वहिनी शेजारी येऊन उभी राहिली. ती म्हणाली, उभं धरा. त्यानं फळी खिडकीच्या उजेडात उभी धरली. पांढऱ्यात पांढरं. पण थांबलं की त्या पांढऱ्यात फरक पडू लागायचा. कुठे निळसर व्हायचं, कुठे लाकडाच्या भुश्शासारखं पिवळसर. मग एक सरळ रेघ दिसली, ती खिडकीची. खिडकीवर वाफ धरलेली, आणि वाफेच्या आत, काचेपलीकडे, कुणीतरी. टेबलावर ओणवा झालेला माणूस. तोंड दिसत नव्हतं, फक्त वाकलेली पाठ, एक खांदा आणि मानेचा मागचा भाग. सगळं इतकं हळू काढलेलं की जोरात बघितलं तर पुसलं जाईल असं वाटावं.

"बाबा आहेत," दादा म्हणाला.

वहिनीनं चित्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिनं परत आत ठेवलं. ती म्हणाली, "तुम्हीच जाऊन सांगा तिला. आत यायच्या आधी. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळायला नको."

छोटी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होती. कचेरी नदीच्या अंगाला, आणि राहायची पण तिकडेच. म्हणजे ती पुलाकडून येणार. दादा धुक्यात जाऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. येणाऱ्या प्रत्येक सावलीची तो छोटी करून बघे, आणि ती सावली जवळ येऊन दुसरंच कुणीतरी होई. त्याला वाटलं, आपण हे सगळं कधीतरी आधी पाहिलंय, लहानपणी, तापात. मग एक सावली आली आणि ती छोटीच निघाली. एक्कावन्न वर्षांची, छत्री काखेत, केस पांढरे झालेले. नऊ वर्षं तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं हे त्याला तेव्हा कळलं. त्याला बघून ती थांबली.

तयार करून ठेवलेलं सगळं तो विसरला. तो म्हणाला, "छोटे, मी तुझं चित्र उलटं लावलं. रंगाची बाजू चित्र समजलो. तुझ्या चित्रावर खाकी कागद चिकटवला."

 तो पुढे सांगत गेला, आईनं दार कसं ओळखलं, मधला काय म्हणाला, आई काय म्हणाली. माझं चुकलं, असं म्हणाला. आणि एकदा बोलायला लागलाच होता म्हणून, त्या वेळी शिडीवरूनही चुकलं होतं, असंही म्हणाला. हे वाक्य नऊ वर्षं त्याच्यापाशी पडून होतं.

छोटीनं छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. "तू बघितलंस का ते? पांढरं?"

"बघितलं. आधी दिसलं नाही. मग दिसलं. बाबा आहेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, बरं. आणि चालू लागली. तोही बरोबर चालू लागला. थोडं गेल्यावर ती म्हणाली, आईला जे हवंय ते राहू दे, तिला बाबा दिसतात ना तिथे, मग झालं. ती रागावून म्हणाली असती तर दादाला सोसलं असतं. ती अगदी सहज म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "मला सवय आहे."

हे मात्र दादाला लागलं. घरात सगळ्यात धाकटी म्हणून तिला काय हवं हे नेहमी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि आज इस्त्रीच्या खोलीतही तेच झालं होतं. तो रस्त्यातच उभा राहिला.

"आईचं राहू दे. तुला काय हवंय ते सांग."

तिला असं विचारलं जाण्याची सवय नव्हती. तिनं वळून पुलाच्या कठड्याकडे पाहिलं. "कुणीतरी त्याच्यासमोर पाच मिनिटं थांबावं," ती म्हणाली. "दार मी मुद्दामच घेतलं होतं. ते रंग माझ्या चित्राच्या पाठीशी असावेत म्हणून. पण पाठीशी. समोर नव्हे."

"मग तुझी बाजू लागेल," दादा म्हणाला. काटकोन होता तो. एकदा ठरलं की ठरलं.

चाराला दहा मिनिटं असताना त्यानं फळी फिरवून बसवली, बारीक खिळे ठोकले आणि चौदा नंबर पुन्हा भिंतीवर चढवला. छोटी नियमाप्रमाणे बाहेर धुक्यात उभी. आईनं मान फिरवली. दादा तिच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. त्यानं सांगितलं की आई, दार कुठे गेलेलं नाही, ते मागे आहे, प्रदर्शन संपलं की तुला घरी आणून हवा तेवढा वेळ दाखवतो. आणि ह्या बाजूलाही बाबाच आहेत. तू फक्त थांबून बघ. आई म्हणाली, मला तर कोरी भिंत दिसतेय. दादा म्हणाला, मलाही आधी तसंच दिसलं.

चार वाजता दारं उघडली आणि गाव आत आलं. पाववाल्यानं ह्या वर्षी बोट काढली होती, न्हाव्यानं स्वतःचंच दुकान, आतल्या आरशात न्हावी, हातात कात्री. लोक तिथे थांबले, हसले, एकमेकांना चिमटे काढले. मधोमधच्या पांढऱ्या फळीसमोर माणसं यायची, नंबर बघायची, पुढे जायची. मधला दादाच्या कानाशी येऊन म्हणाला, बघ, कुणी थांबत नाही, रंगाची बाजू असती तर. दादा म्हणाला, असती तर. छोटी सगळ्यात शेवटी आली आणि आपल्या चित्राकडे गेलीच नाही, दाराच्या बाजूच्या फरशांना पाठ लावून उभी राहिली. तिचा हात छत्रीच्या मुठीवर घट्ट होता.

एक माणूस मात्र थांबला होता, कारण त्याला उठून जाणं शक्यच नव्हतं. आईची खुर्ची चौदा नंबरच्या समोर होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. खिडकीतला उजेड जरासा वितळला, धुक्यामागे कुठेतरी ऊन खाली उतरलं असावं, आणि खोलीत कोण कुठे बोलतंय ते अंधुक, लांबचं होत गेलं. आई पुढे वाकली. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला.

"अगंबाई," ती म्हणाली. "माणूस आहे की."

"बाबा," मधला मागून म्हणाला.

आई अजून पुढे वाकली. ती बघत होती. तिचं बोट हवेतच त्या पाठीवरून फिरलं, मानेपासून खाली कमरेपर्यंत, जसं ताप आलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावं.

"छे," ती म्हणाली. "हे कधी बसून किंवा वाकून काम करायचे? जन्म उभ्यानं गेला त्यांचा, पाटीसमोर. ह्यांची पाठ शेवटपर्यंत सरळ होती." मग ती खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि तिनं दादाला शोधलं. "हा तू आहेस. थोरल्या, पाठ किती वाकली रे तुझी. मला कुणी सांगितलं नाही."

दादा उभा होता तिथेच राहिला. स्वतःची पाठ आजवर कुणाला दिसली आहे? त्यानं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. टेबल त्याचं होतं. डाव्या हाताखाली जे अंधुक, त्रिकोणी होतं तो त्याचा गुण्या होता. खिडकी गल्लीकडची, जिच्या आत तो रोज पहाटेपासून मान खाली घालून बसायचा आणि जिच्याबाहेर त्यानं कधी वर मान करून पाहिलं नव्हतं. वहिनी त्याच्याकडे बघत होती, आणि तिला हे दुपारीच कळलं होतं हेही त्याला आत्ता कळलं.

तो गर्दीतून वाट काढत दारापाशी गेला. छोटी तशीच उभी होती. त्याला जे सुचलं ते हिशेबी निघालं, कारण तो तसाच माणूस होता.

"तुझी कचेरी नदीला. घर नदीला," तो म्हणाला. "आमची गल्ली तुझ्या वाटेवर नाही."

"नाहीच," छोटी म्हणाली. "वीस मिनिटं लांब पडतं. म्हणून रोज लवकर निघते, दादा."